अक्कांची मंडी

आमच्या घरात मंड्या दोन. एक यशवंतपूरच्या घाऊक बाजारातली, कांद्याबटाट्याची. तिथे माझे थोरले दीर जयसिंगराव सकाळपासून पोत्यांमध्ये बसलेले असतात. दुसरी त्यांच्या बायकोची, म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाईंची, डावी. बेंगळुरात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेल्या या मराठी घरात गुडघ्याला मंडी म्हणतात. शब्द कानडी आहे, पण तसं म्हणायची सोय नाही. "आम्ही शहाजीराजांच्या मागोमाग आलेली माणसं. तू काल पुण्याहून आलीस, आम्हाला मराठी शिकवू नको," असं लगेच ऐकावं लागतं.

मी प्रांजली. काल नाही, लग्न होऊन चांगली काही वर्षं झाली मला इथे येऊन. राहते मारतहळ्ळीला, नोकरी बेळ्ळंदूरला, आणि उरलेलं आयुष्य त्या दोहोंमधल्या ट्रॅफिकमध्ये. रविवारी मात्र यशवंतपूरला जेवायला जायचं, ही अक्कांची आज्ञा.

अक्का म्हणजे याच माझ्या जाऊबाई, विमला. यशवंतपूरच्याच एका मुलींच्या शाळेत पीटी शिकवतात. अंगाने ठेंगण्या, आवाजाने ताडमाड. गळ्यात मंगळसूत्राच्या जोडीला शिट्टी असते. तरुणपणी राज्याच्या संघातून खो-खो खेळल्या आणि तो खेळ त्यांच्या अंगातून कधी गेलाच नाही. पोळ्या लाटून दमल्या, की पोळपाटापाशी उभ्या असलेल्या माझ्या पाठीत थाप पडते, "खो!" आणि लाटणं माझ्या हातात. जयसिंगरावांनी भाजी आणायला उठावं म्हणूनही खोच. मला सुरुवातीला या थापांचा राग यायचा. पुण्यात आमच्याकडे कोणी कोणाला असं थापटत नाही.

दर वर्षी संक्रांतीच्या सुमारास शाळेच्या मैदानावर सामना होतो. शाळेचा संघ एका बाजूला, शाळा सोडून गेलेल्या जुन्या मुली दुसऱ्या बाजूला, आणि जुन्या मुलींच्या साखळीत अक्का स्वतः. पन्नाशीला टेकलेली बाई विशीच्या पोरींबरोबर उकिडवी बसते, खो मिळाला की उठून धावते आणि हाती लागेल तिला बाद करते. वर्षभर त्या याच दिवसाची वाट बघतात.

आणि मग ती डावी मंडी दुखायला लागली. जिना उतरताना, उकिडवं बसताना, पुढेपुढे तर झोपेत कूस बदलतानाही. तेल झालं, लेप झाले, शेजारणीने सुचवलेला काढा झाला. शेवटी माझ्या सुहासदादाला फोन करायचं ठरलं. दादाचा कोथरूडला दवाखाना आहे. मी ऑफिसात होते, म्हणून अक्कांनी स्वतःच व्हिडिओ कॉल लावला. त्यांच्या फोनवर नेहमी फक्त त्यांचं कपाळ दिसतं. ते कपाळ दादाला म्हणालं, "डॉक्टर, माझी डावी मंडी फार दुखते की हो. आतून. उठताबसताना जीव जातो."

दादाने ऐकली मांडी. त्याने विचार केला, उठताबसताना मांडीत आतून कळ येते म्हणजे हे दुखणं कमरेतून आलेलं. त्याने कमरेचा पट्टा सांगितला, कमरेचे व्यायाम सांगितले आणि मांडीला रोज शेक. अक्कांचा डॉक्टरांवर विश्वास, त्यातून हा पुण्याचा. त्यांनी सगळं जसंच्या तसं केलं, तेही कित्येक महिने. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

त्या संक्रांतीला अक्का मैदानाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या. शिट्टी वाजवायचं काम त्यांच्याकडे दिलं होतं. सामना संपल्यावर मुली तिळगूळ घ्यायला आल्या, तेव्हा त्या हसल्या, प्रत्येकीच्या गालाला हात लावला. घरी आल्यावर मात्र आत जाऊन त्यांनी शिट्टी गळ्यातून काढली आणि देवघराच्या फळीवर ठेवून दिली. मला ते पाहवलं नाही.

पुढच्याच महिन्यात दादा कसल्याशा परिषदेसाठी बेंगळुरात आला आणि रविवारी यशवंतपूरला जेवायला आला. आल्याआल्या त्याने चौकशी केली, "काय अक्का, मांडी काय म्हणते?"

"मांडी एकदम सरी आहे डॉक्टर. कंबर पण पोलादासारखी झाली. मंडी तेवढी तशीच आहे."

दादाने चहाचा कप खाली ठेवला. "मांडी बरी आहे आणि मांडी तशीच आहे, म्हणजे काय?"

"मांडी नव्हे की हो! मंडी!" असं म्हणून अक्कांनी गुडघ्यावर चापट मारली आणि कळवळल्या.

"हा गुडघा आहे," दादा म्हणाला.

"होय की. मंडी."

"फोनवर तुम्ही हेच सांगत होतात?"

"मग दुसरं काय सांगणार? दुखतंय तेच सांगितलं!"

जयसिंगराव इतके हसले, की त्यांना ठसका लागला. दादाचा चेहरा मात्र उतरला होता. तो जमिनीवर बसला, अक्कांचा गुडघा दाबून, वळवून पाहिला आणि म्हणाला, "अक्का, माफ करा मला. आता हे तडीला नेल्याशिवाय मी सोडणार नाही."

एक्स-रे काढला, तो स्वच्छ निघाला. एका मोठ्या हॉस्पिटलातल्या ज्येष्ठ डॉक्टरांनी तो उजेडापुढे धरला आणि वर न बघता सांगितलं, "वय झालं. खेळ विसरा. फारच दुखायला लागलं तर गुडघा बदलून टाकू." रिक्षात बसल्यावर अक्का रडल्या. लग्नकार्यात, मयतीतही कधी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. "मंडी बदलतील गं, पण मग मला साखळीत कोण बसू देणार?" म्हणाल्या. मला त्या डॉक्टरांचा असा संताप आला, की रिक्षा परत वळवावी असं वाटलं.

दादा पुण्याहून रोज फोन करत होता. एमआरआय कराच म्हणाला. केला. तो घेऊन आम्ही डॉक्टर बसवंतांकडे गेलो. तरुण माणूस, बिदरकडचा, कानडी आणि मराठी दोन्ही घरच्याच भाषा. मी आधीच सावध केलं, "डॉक्टर, या मंडी म्हणतात म्हणजे गुडघा."

"ताई, माझी आई पण मंडीच म्हणते," ते म्हणाले.

त्यांनी पडद्यावर चित्र मोठं केलं. "ही हाडावरची गुळगुळीत गादी, कूर्चा. ती चांगली आहे. आता तिच्याखालचं हाड बघा. हा जो डाग दिसतो, तिथे बारीक चिरा पडल्यात, हाड सुजून हळवं झालंय. एक्स-रेत हे दिसत नाही. रस्त्यावरचं डांबर शाबूत आहे अक्का, पण खालची खडी खचली."

"रस्त्याची खडी खचलेली कळायला बेंगळुरात एमआरआय कशाला लागतो?" अक्का म्हणाल्या. किती तरी दिवसांनी त्या थट्टा करत होत्या.

डॉक्टरांनी उपाय समजावला. गुडघा उघडायचा नाही, बदलायचा तर मुळीच नाही. भूल देऊन, एक्स-रेच्या यंत्रावर बघतबघत, बारीक नळी थेट त्या खचलेल्या हाडात न्यायची आणि कॅल्शियमचा लुकणासारखा लगदा आत भरायचा. तो आतल्या आत घट्ट होतो, हाडाला आधार देतो, आणि पुढे हळूहळू त्याच्या जागी आपलंच हाड भरत जातं. "पण हे सगळ्यांना चालत नाही," ते म्हणाले. "कूर्चा झिजलेली असती तर मीच नको म्हणालो असतो. आणि काहींचं नंतरही दुखतं, हेही आधीच सांगतो."

अक्कांनी एकच विचारलं. "खो-खो खेळता येईल?"

"ते आत्ताच कसं सांगू? बघत जाऊ. पण एक ठरवून टाकू. खो मी देणार. माझा खो मिळायच्या आधी उठलात तर फाऊल."

अक्कांनी शाळेतल्या मुलीसारखी मान डोलावली. मग म्हणाल्या, "सरी."

ऑपरेशनच्या दिवशी जयसिंगरावांनी दुकान उघडलंच नाही. एका मंडीसाठी दुसरी मंडी बंद ठेवायची ही पहिलीच वेळ. दुसऱ्या दिवशी अक्का घरी आल्या. सुरुवातीचे काही दिवस दुखणं उलट वाढलं. तसं होईल हे डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, तरी अक्का कानडीतून जे काही बोलत होत्या ते मला कळत नव्हतं, हे बरंच झालं. मग एका सकाळी त्या म्हणाल्या, "प्रांजली, काल मी कुशीवर झोपले गं." आणि आम्ही दोघी वेड्यासारख्या हसत सुटलो.

कुबड्या आल्या, गेल्या. व्यायाम चालू राहिले. दर तपासणीला अक्का दारातूनच विचारायच्या, "खो?" आणि डॉक्टर म्हणायचे, "स्वल्प थांबा." पावसाळा संपला, दसरा झाला, तरी "स्वल्प थांबा" संपेना. अक्का चिडायच्या, पण उठल्या नाहीत. खो-खो खेळलेली बाई खो न मिळता उठणं शक्यच नव्हतं.

दिवाळीनंतर पुन्हा एमआरआय झाला. डॉक्टर बसवंतांनी तो पाहिला, अक्कांना एका पायावर उभं केलं, जिने चढायला-उतरायला लावले आणि मग म्हणाले, "आता जमिनीवर साखळीत बसता तशा बसा." अक्का टेबल आणि खाट यांच्या मधल्या जागेत उकिडव्या बसल्या. दुखतं का, ते विचारलं. नाही म्हणाल्या. डॉक्टर सावकाश फिरून त्यांच्या मागे गेले, वाकले आणि पाठीवर थाप मारून ओरडले, "खो!"

अक्का उठल्या त्या थेट दारापर्यंत पळाल्या. बाहेर नंबर लावून बसलेली माणसं दचकून उभी राहिली. घरी येऊन त्यांनी देवघराच्या फळीवरची शिट्टी उतरवली आणि गळ्यात घातली. एकच डाव खेळायचा आणि सूर मारायचा नाही, एवढं पथ्य होतं.

संक्रांतीला मैदानावर गर्दी होती. अक्का साखळीत बसल्या. टाळ्या पडल्या आणि खेळ सुरू झाला. थोड्याच वेळात माझ्या लक्षात आलं, की अक्कांना कोणी खो देतच नाही. त्यांच्या आजूबाजूच्या दोघींना खो मिळत होता, त्यांना वगळून. पोरींची माया होती ती, मिसच्या मंडीची काळजी. समोरची कप्तान ईरा चलाख पोरगी. तिने हे ताबडतोब ओळखलं आणि संकट आलं की ती अक्कांच्या शेजारूनच निसटायला लागली. अक्का म्हणजे तिला हक्काचा आडोसा झाला. अक्का बसल्या होत्या. मान खाली, हात जमिनीवर. खो मागता येत नाही, घेताही येत नाही, तो कोणीतरी द्यावा लागतो. त्यांचा चेहरा मला दिसत होता. गेल्या संक्रांतीला खुर्चीवर होता तसाच झाला होता तो.

मला राहवलं नाही. मी पुण्याची वगैरे सगळं विसरून दोरीला टेकून किंचाळले, "अगं द्या की तिला खो! द्या!"

तेव्हा पाठलाग आश्लेषा करत होती. अक्कांची जुनी विद्यार्थिनी, आता बेळ्ळंदूरला कुठल्याशा कंपनीत आहे. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. ईरा नेहमीप्रमाणे अक्कांच्या शेजारून पलीकडे गेली आणि तिथे निवांत वळली. आश्लेषाने अक्कांच्या पाठीवर सणसणीत थाप मारली. "खो, मिस!"

अक्का उठल्या. ईराला वळून पळायला सुद्धा वेळ मिळाला नाही. दोन ढांगांत अक्कांचा हात तिच्या खांद्यावर पडला आणि शिट्टी झाली. मैदानावर जो गोंगाट उठला, त्यात जयसिंगरावांचा आवाज सगळ्यांच्या वर होता. बाद झालेली ईराच अक्कांच्या गळ्यात पडली. मी रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

डाव संपल्यावर अक्कांनी माझा फोन मागून घेतला आणि दादाला व्हिडिओ कॉल लावला. या वेळी पडद्यावर कपाळ नव्हतं. लाल मातीने माखलेला डावा गुडघा होता.

"डॉक्टर, नीट बघून घ्या. ही मंडी."

"दिसली अक्का," दादा म्हणाला.

मग अक्कांनी फोन माझ्याकडे दिला, मैदानाच्या मधोमध मातीत बसल्या आणि डावा पाय सहज दुमडून उजव्याखाली घेतला.

"आणि ही बघा, घातली मांडी!"