मंजिरीच्या छातीतला अलार्म मी ऐकला होता

मंजिरी वाचू शकली असती.

हे वाक्य मी वर्षभर लपवलं. आज तिला जाऊन वर्ष झालं, म्हणून लिहिते.

ज्यांना ती माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आम्ही दोघी इंजिनिअरिंगला एका बाकावर. नोकरीही एकाच कंपनीत, शरीरात बसवायची हृदयाची यंत्रं बनवणाऱ्या.

एकदा परदेशातून कंपनीला पेटंटची नोटीस आली. साहेबांपासून शिपायापर्यंत कुणालाही ती धड वाचता येईना.

मंजू तीन दिवस ती घेऊन बसली. चौथ्या दिवशी म्हणाली, "मी लॉ करते."

आम्ही हसलो. तिनं केलं.

मग मी यंत्रं बनवायची आणि ती त्यांची पेटंट लिहायची. टिळक रोडला दोन खोल्यांचं ऑफिस होतं तिचं.

माझा मसुदा गेला की लाल होऊन परत यायचा. "'उत्तम पकड' म्हणजे किती मिलिमीटर? विशेषणं लग्नपत्रिकेत घाल."

हॉटेलात वेटरला सांगायची, "किमान एक चहा." तो बिचारा बघत राहायचा. पेटंटात 'किमान एक' असंच लिहितात, ती वकिली मुरली होती अंगात.

आणि स्वतःच्या छातीत यंत्र होतं. पेसमेकरचा थोरला भाऊ म्हणा. ठोके भलतीकडे गेले की आतूनच शॉक देणारं. चाळिशीच्या आत दोनदा चक्कर येऊन पडली, तेव्हा बसवलेलं.

त्या यंत्रापासून हृदयापर्यंत एक वायर जाते. वायरमध्ये बिघाड वाटला की यंत्र रोज ठरलेल्या वेळी वाजतं. पेशंटनं तडक दवाखाना गाठायचा, एवढाच त्याचा अर्थ.

पण कधी कधी तो अलार्म उगाचच वाजतो. नुसता विजेचा नॉइज असतो, वायर ठणठणीत.

हे खोटे अलार्म कमी करायची युक्ती मी शोधली. पेटंट अर्थातच मंजूनं लिहिलं.

पेटंटमध्ये सुरुवातीला जुन्या यंत्रांचे दोष लिहायचे असतात. सगळे जरा वाढवूनच लिहितात, आपला शोध उठून दिसावा म्हणून.

मी लिहिलं, 'सध्याचे अलार्म बहुतांशी निराधार असतात.'

मंजू म्हणाली, "बहुतांशी? कशावरून?"

"राहू दे गं. सगळेच लिहितात."

आयुष्यभर माझी विशेषणं खोडणाऱ्या बाईनं तेवढं एक वाक्य राहू दिलं. मैत्रीखातर.

पेटंट ऑफिसनं हरकती काढल्या. शुक्रवारी सुनावणी होती. तिच्या तयारीला मंगळवारी सकाळी मी मंजूच्या ऑफिसात गेले.

नऊ वाजता आवाज आला. दोन सुरांचा, बारीक. मी फोन शोधायला लागले.

मंजू हसली. "तुझा नाही, माझा. कालपासून वाजतोय. माझ्यापेक्षा वक्तशीर आहे."

"डॉक्टरांना दाखवलंस?"

"शुक्रवार होऊ दे. सोमवारी जाते." मग फाईलमधून मान वर करून तिनं विचारलं, "तुला काय वाटतं?"

तिनं मला विचारलं होतं हो.

मी म्हटलं, "नॉइज असेल. आपणच नाही का लिहिलंय?"

"तेही खरंच," ती म्हणाली आणि पुढचं पान उलटलं.

माझ्या आईचा अलार्म वाजला असता तर मी तिला रिक्षात कोंबून नेलं असतं. आम्ही दोघी शहाण्या. आम्ही आमचंच वाक्य खरं मानलं.

शुक्रवारी सुनावणी झाली. फार छान बोलली ती.

शनिवारी सकाळी वारज्याला, भाजी घेऊन घराचा जिना चढताना पडली. वायर आत तुटलेली होती. ठोके बिघडले, यंत्रानं शॉक दिला, तो हृदयापर्यंत पोचलाच नाही.

पुढे पेटंट मंजूर झालं. शोधकर्ती म्हणून माझं नाव आहे. कंपनीत पेढे वाटले. मी माझा पेढा शिपायाला देऊन टाकला.

तेराव्याला तिच्या बाबांनी मला बाजूला घेतलं. मार्केट यार्डात जन्म गेलेला माणूस, यंत्रातलं काही कळत नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "तुम्ही दोघी तर त्यातल्याच ना गं? एकीलाही कळलं नाही?"

मी म्हटलं, "नाही काका."

त्यानंतर वर्षभर दर महिन्याला बिबवेवाडीला त्यांच्याकडे जात होते. काकू थालीपीठ करायच्या. आमची एक लेक गेली, एक राहिली, म्हणायच्या. मी खात होते. निर्लज्जासारखी खात होते.

परवा मंजूच्या नवऱ्याला, सुहासला, सगळं सांगितलं. तो उठून आतल्या खोलीत गेला तो बाहेर आलाच नाही. मी दार ओढून घेतलं आणि निघाले.

आज सकाळी काकांना सांगितलं. अलार्म, तिचा प्रश्न, माझं उत्तर. काही गाळलं नाही.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या.

काका म्हणाले, "बरं केलंस सांगितलंस."

मग म्हणाले, "आता आमच्याकडे येत जाऊ नकोस."

आवाज चढवला नाही. लिफ्ट येईपर्यंत दारात उभे राहिले, पाहुण्याला सोडायला राहतात तसे. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

कमेंटमध्ये 'तुझी काय चूक' असलं कुणी लिहू नका. मला माहीत आहे माझी काय चूक.

मंजू, तुझ्या आईबाबांकडे अधूनमधून जात जाईन, असं तुझ्या फोटोसमोर कबूल केलं होतं. तेवढंही आता माझ्याच्यानं व्हायचं नाही.

श्रद्धांजली वाहायला मी योग्य माणूस नाही. नुसता नमस्कार करते.