शेपटीवरचा आकडा

गिरिधर राव तमिळ मुलखात, विमानतळाला लागून असलेल्या पल्लावरमला राहत. वय सत्तावन्न. गिंडीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात ते तयार माल तपासायचे. ओरगडमला बनणाऱ्या ट्रकांसाठी लागणारे बुश, म्हणजे धातूच्या आखूड नळ्या, तिथे कातले जात. प्रत्येक पेटीतले दहा उचलायचे, व्हर्नियर या मापपट्टीत धरायचे, बारीक रेघा वाचायच्या आणि पेटीवर सही करायची, असं त्यांचं तीस वर्षं चाललं होतं. बायको रंजनी शाळेत गणित शिकवी. दोघंही तंजावरकडच्या मराठी घरांतली. घरातली भाषा मराठीच, पण तमिळ हेलाची, जुन्या वळणाची.

रावांना एकच नाद होता, विमानं बघण्याचा. तोही सगळ्या विमानांचा नाही. मोठ्या प्रवासी विमानांकडे ते मान वर करूनही पाहत नसत. त्यांना हवी असायची ती हवाई दलाच्या वैमानिकांना शिकवणारी छोटी जेट विमानं, त्यातही किरण. बसकं नाक, आत शिक्षक आणि विद्यार्थी शेजारी शेजारी बसलेले, आणि उडताना शिट्टीसारखा आवाज. सोळाव्या वर्षी त्यांनी जवळच्या तांबरमच्या हवाई तळावर पहिलं किरण पाहिलं आणि घरी येऊन वहीत टिपून ठेवलं. तेव्हापासून एकेचाळीस वर्षांत तेवीस वह्या झाल्या. तारीख, वेळ, वारा कुठून, आणि विमानाच्या शेपटीवरचा आकडा.

वह्या मोडी लिपीत होत्या. आजोबांनी लहानपणी मोडी शिकवली, आणि शाळेतली मुलं वही हिसकावून वाचू नयेत म्हणून त्यांनी ती वापरायला घेतली. पुढे हाताला तेच वळण पडलं. रंजनीलाही ती लिपी येत नसे, आणि त्या वह्या वाचाव्यात असं तिला कधी वाटलंही नाही.

दोन हजार पंचवीसचा मे महिना. सीमेवर धुमश्चक्री झालेली, टीव्हीवर दिवसभर तेच. विमानतळाच्या आसपास फोटो काढू नका, अशा सूचना लागल्या होत्या. एका शनिवारी सकाळी कामावर जाताना रावांना बसच्या खिडकीतून विमानतळाच्या लांबच्या कोपऱ्यात दोन छोटी विमानं दिसली. पांढरं अंग, लाल पट्टे. किरणच होती. आता ही विमानं सेवेतून जाणार असं ते काही वर्षं ऐकत होते. पुन्हा दिसतील न दिसतील.

दुपारी घरी येऊन त्यांनी दुर्बीण काढली. रंजनी दारात उभी राहिली.

"आज जाऊ नका. दिवस बरे नाहीत."

"कॅमेरा नेत नाही. नुसतं बघून येतो."

"पोलीस विचारले तर?"

"बघणं गुन्हा नाही, रंजनी."

पल्लावरमच्या टेकडीच्या उतारावर एका बंद दुकानाच्या सावलीत ते उभे राहिले. तिथून धावपट्टीचा बराच भाग दिसतो. साडेचार वाजून गेले तरी विमानं हलली नाहीत. शर्ट घामाने पाठीला चिकटला. खाली चहाच्या टपरीवरची दोन माणसं आपल्याकडे बघून काहीतरी बोलताहेत, हे त्यांच्या लक्षात आलं. निघावं असं वाटलं, पण तेवढ्यात शिट्टी ऐकू आली. पहिलं किरण धावत सुटलं, मागून दुसरं. रावांनी दुर्बीण डोळ्याला लावली आणि मग वहीत लिहू लागले. लिहून मान वर करतात तो समोर दोन पोलीस.

"काय लिहिताय?"

राव वही पुढे करून म्हणाले, "विमानं." आणि बोलल्याबरोबर त्यांना कळलं की हे उत्तर किती वाईट आहे.

ठाण्यात सबइन्स्पेक्टर विद्यालक्ष्मी होत्या. पस्तिशीच्या, शांत आवाजाच्या. त्यांनी रावांना बसायला सांगितलं, पाणी दिलं, फोन आणि दुर्बीण टेबलावर ठेवून घेतली. मग वही उघडून बराच वेळ पाहिली.

"ही कुठली भाषा?" त्यांनी तमिळमध्ये विचारलं.

"मराठी."

"मराठी मी पाहिली आहे. हिंदीसारखी दिसते. हे तसं नाही."

"लिपी वेगळी आहे. मोडी म्हणतात."

"तुम्ही तमिळ माणसासारखं बोलता, नाव मराठी सांगता, आणि जे लिहिता ते कुणालाच वाचता येत नाही." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्या फक्त समोर दिसतं ते सांगत होत्या.

शहानिशा करायला त्यांनी विमानतळाच्या सुरक्षा दलातल्या एका मराठी अधिकाऱ्याला बोलावलं. हेरंब नावाचा तो तरुण साताऱ्याचा होता. मराठी माणूस येतोय म्हटल्यावर रावांना जरा धीर आला. तो आला तसे ते उठून उभे राहिले.

"हें मी लिहिलों," ते म्हणाले. "आज्जोबा शिकविले मला."

हेरंब त्यांच्याकडे बघतच राहिला. शब्द ओळखीचे, पण बोलणं कानाला कुठेच बसेना. त्याने वही चाळली. एकेक पान सावकाश उलटत गेला.

"काका, मोडी मी ऐकून आहे. आमच्या जमिनीचे जुने कागद मोडीत आहेत. पण मला ती वाचता येत नाही." मग विद्यालक्ष्मींकडे वळून तो इंग्रजीत म्हणाला, "आकडे मला कळतात, मॅडम. तारखा आहेत, वेळा आहेत. काही आकडे विमानांचेच असावेत. पण मधला मजकूर काय आहे ते मी सांगू शकत नाही. हे मराठी आहे असं मी लिहून देणार नाही."

म्हणजे जे लपवायला हवं होतं तेच उघडं होतं आणि निरुपद्रवी होतं ते झाकलेलं. राव खाली बसले. आता हे वर कळवणार. घराची झडती होणार, तेवीस वह्या जप्त होणार, कारखान्यात पोलीस जाणार. या सगळ्याच्या तळाशी आणखी एक भीती होती, आणि ती पोलिसांची नव्हती. गेल्या दोन वर्षांची पानं कुणी वाचू नयेत असं त्यांना आतून वाटत होतं.

ठाण्यातून निरोप गेला आणि सहा वाजता रंजनी पोचली. शेजाऱ्याच्या रिक्षातून आलेली, हातात आधार कार्ड, रेशन कार्ड, पीएफचे कागद, जे हाताला लागलं ते सगळं. तिने नवऱ्याकडे एकदा पाहिलं, मग विद्यालक्ष्मींशी बोलली.

"माझे एक मामा आहेत, शेषाद्री राव. तंजावरला असतात. जन्मभर जुने मोडी कागद वाचायचं काम केलं त्यांनी. त्यांना फोन लावा. पान दाखवा. ते वाचतील."

"नको," राव एकदम म्हणाले.

विद्यालक्ष्मींनी त्यांच्याकडे पाहिलं. "का नको?"

"ते शहाऐंशी वर्षांचे आहेत. ऐकू येत नाही त्यांना."

"वाचायला कान लागत नाहीत," विद्यालक्ष्मी म्हणाल्या आणि त्यांनी रंजनीकडून नंबर घेतला.

फोन दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा शेषाद्रींच्या सुनेने उचलला; मामा देवाला दिवा लावत होते. पाच मिनिटं थांबावं लागलं. मग पडद्यावर पांढऱ्या भुवयांचा एक चेहरा आला, खूप जवळ. हेरंबने वही कॅमेऱ्यासमोर धरली. कुठलं पान हे विद्यालक्ष्मींनी स्वतः ठरवलं, मधूनच.

शेषाद्रींना खटला-बिटला काही ठाऊक नव्हतं. कुणीतरी मोडी दाखवतंय एवढ्यानेच ते खूश होते. मोठ्या आवाजात वाचू लागले. "तारीख अकरा, वारा आग्नेयेचा, किरण एक, तांबरमकडे गेलें. आकडा..." त्यांनी आकडा वाचला. हेरंबने वहीत पाहून मान हलवली, जुळत होता. दुसरं पान, तिसरं पान. रंजनी तमिळमध्ये सांगत गेली, विद्यालक्ष्मी लिहून घेत गेल्या.

"आता शेवटची पानं," विद्यालक्ष्मी म्हणाल्या.

राव जमिनीकडे बघत होते.

"अक्षर बिघडलें हो याचें," शेषाद्री म्हणाले. "थांबा. 'आकडा वाचतां आला नाहीं. उजव्या डोळ्यापुढें डाग.' पुढें, 'धावपट्टी वांकडी दिसते.' पुढें पुन्हा तेंच, 'आकडा दिसला नाहीं.' मग इथें, 'व्हर्नियरच्या रेघा हलतात. डावा डोळा झांकून चाचणी केली. रंजनीस सांगितलें नाहीं.'"

रंजनीने याचा तमिळ अर्थ सांगायला तोंड उघडलं आणि ती थांबली. हेरंबने खालच्या आवाजात इंग्रजीत तो पुरा केला.

"आजचं?" विद्यालक्ष्मींनी विचारलं.

शेषाद्रींनी आजचं पान वाचलं. "'किरण दोन. साडेचारनंतर. आकडे दिसले नाहींत. आवाज तोच.'"

विद्यालक्ष्मींनी फोनवर मामांचे आभार मानले. अहवाल लिहिला, रावांची सही घेतली, पुन्हा तिथे उभं राहणार नाही असं लिहून घेतलं. फोन परत दिला, वही आणि दुर्बीण तपासासाठी राहतील म्हणाल्या. जाताना हेरंब दारापर्यंत आला.

"काका, तुमची मराठी मला लगेच कळली नाही. माफ करा."

"चालतें," राव म्हणाले.

घर आल्यावर रंजनीने विचारलं, "किती दिवस झाले?"

"दोन वर्षं होत आली."

"आणि त्या डोळ्याने माल पास करत होतात?"

"डाव्याने करत होतो. प्रत्येक नग दोनदा बघत होतो." मग जरा वेळाने, "पहिले काही महिने मला कळलं नव्हतं. तेव्हाचं सांगता येत नाही."

त्या वाक्याने दोघांची रविवारची झोप घालवली. कुठल्या तरी ट्रकात एखादा मापात न बसणारा बुश फिरत असेल, तो उतारावर कधी दगा देईल, या विचाराने राव दोन वर्षं पोळत होते, आणि नोकरी जाईल म्हणून बोलत नव्हते. सोमवारी ते मालकासमोर उभे राहिले आणि सगळं सांगितलं. मालक आधी चिडला. मग त्या महिन्यांतल्या राखून ठेवलेल्या नमुन्यांच्या पेट्या काढून दुसऱ्या माणसाकडून पुन्हा मोजून घेतल्या. चार दिवस लागले. सगळे नग मापात होते. पण नमुने म्हणजे सगळा माल नव्हे, हे रावांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांना तपासणीवरून काढून भांडारात बसवलं.

डोळ्याच्या डॉक्टरांनी पडद्याचा आजार सांगितला. लवकर दाखवलं असतं तर बरंच वाचलं असतं, आता गेलं ते परत येणार नाही, उरलं ते राखता येईल. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन. पहिल्या वेळी सुई जवळ येताना दिसेल का, एवढंच राव पुन्हा पुन्हा विचारत होते. दिसली नाही. रंजनी बाहेर बाकावर मुलांचे पेपर तपासत बसली होती. तासाभरात तिचा एकच पेपर झाला.

तीन आठवड्यांनी ठाण्यातून फोन आला. वही आणि दुर्बीण घेऊन जा, एवढाच निरोप होता. दोघं गेली. विद्यालक्ष्मींनी पाकीट पुढे केलं, सही घेतली.

घरी आल्यावर रंजनीने आतल्या कपाटातून बाकीच्या वह्या काढल्या आणि जेवणाच्या टेबलावर मांडल्या. मग सगळ्यांत जुनी उघडून ती नवऱ्याशेजारी बसली.

"हें पहिलें अक्षर कुठलें?" तिने विचारलं.

राव पानावर वाकले. उजवा डोळा मिटून घेतला आणि बोट ठेवून सांगू लागले.