मीनलची धडधड

जयपूरच्या सी-स्कीममधल्या आमच्या विमा ऑफिसात डबे उघडले की किस्सेही उघडतात. डब्याला आम्ही तिघं: मी, क्लेम्सची मीनल आणि रेकॉर्डचे शेखावतजी. गेल्या दोन वर्षांतले निम्मे किस्से मीनलच्या पॅनिक अटॅकचे आहेत. तिची परवानगी आहे म्हणून सांगतो. परवानगी कसली, आम्ही काही गाळलं तर तीच भर घालते!

*

पहिला अटॅक भर मीटिंगमध्ये आला. छाती धडधडतेय, हात बधिर, "मी मरतेय" म्हणाली. मी आणि शेखावतजींनी तिला रिक्षात घालून हॉस्पिटल गाठलं. ईसीजी नॉर्मल! डॉक्टर म्हणाले, "हार्ट एकदम बढ़िया है. पैनिक अटैक है. तकलीफ सच्ची है, मगर जान को खतरा नहीं."

शेखावतजींनी घाम पुसला. नर्सला त्यांचा चेहरा काही ठीक वाटला नाही, म्हणून तिने त्यांचं बीपी बघितलं. तासाभराने पेशंट चालत घरी गेली आणि शेखावतजी ॲडमिट!

*

मग सल्ले सुरू झाले. जो तो येऊन सांगायचा, "मीनलजी, टेन्शन मत लिया करो."

एक दिवस ती वैतागली. "लेती कौन है, भैया? घर बैठे डिलीवरी आती है!"

तो सल्ला तिथेच बंद झाला. मानसोपचारतज्ज्ञांकडे मात्र ती नियमित जायला लागली आणि अपॉइंटमेंट ऑफिसच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायला लागली, सगळ्यांना दिसेल अशी. मला तिचा फार अभिमान वाटला.

*

साताऱ्याहून तिची आई आली. आल्या आल्या मिरच्यांनी दृष्ट काढली. मुरलीपुऱ्यातल्या मीनलच्या दोन खोल्यांत सगळे खोकून हैराण!

दुसऱ्या दिवशी मीनल आईला डॉक्टरांकडे घेऊन गेली, निदान समजून तरी घेईल म्हणून. डॉक्टर लक्षणं सांगत गेले: विनाकारण धास्ती, झोप नाही, पोटात गोळा, छातीत धडधड. आई मान डोलवत राहिली. बाहेर आल्यावर म्हणाली, "अगं, तीस वर्षं मी याला ॲसिडिटी म्हणत होते!"

आता दोघींच्या अपॉइंटमेंट एकाच दिवशी असतात.

*

एकच गोष्ट अडली होती: प्रमोशन. मॅनेजरपदाच्या इंटरव्ह्यूतून मीनलने दोनदा नाव मागे घेतलं होतं. तिथेच अटॅक आला तर? आणि यंदाची संधी शेवटची होती.

फायली द्यायला मी आतच बसलो होतो. दुसऱ्याच प्रश्नाला तिचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, उठली आता.

ती म्हणाली, "सर, मुझे पैनिक अटैक आ रहा है. आठ मिनट दीजिए, फिर जवाब देती हूँ."

मनगटावरचं घड्याळ काढून तिने टेबलावर ठेवलं, दोन्ही पाय जमिनीवर घट्ट टेकवले आणि सावकाश श्वास घेत बसली. पॅनेलवरच्या तिघा साहेबांपैकी कुणी पाण्याच्या ग्लासालाही हात लावला नाही.

मग तिने घड्याळ परत हातात घातलं. "हाँ सर, दूसरा सवाल." आणि सडेतोड उत्तर दिलं!

मोठ्या साहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, पेन उचललं आणि शेजारच्यांना म्हणाले, "बीस साल में पहली बार इस दफ़्तर में किसी ने जो टाइम बोला, उसी टाइम में काम करके दिया है!"