लाल पडलेला ॲझोला
ऊन वाढलं, खड्ड्यातल्या ॲझोल्यावर तांबूस झाक आली, की मला थोरले दीर आठवतात. पाण्यावर तरंगणारा हा हिरवा पाला मी गाईंसाठी वाढवते. उन्हाळ्यात तो लाल पडतो, त्याचा कस उतरतो, एवढंच तेव्हाही झालं होतं. पण दिरांनी पाहुण्यांदेखत, "असलं शेवाळ खाऊन गाया दूध देत्यात व्हय?" म्हणत सगळा उपसून उकिरड्यावर फेकला. मी ओंजळभर वाचवला, जुन्या साडीच्या सावलीत जपला. थंडीत खड्डा हिरवागार भरला, डेअरीत माझ्या दुधाला चांगली फॅट लागू लागली. मग दीर पाटी घेऊन आले. "बियाण्यापुरता दे." मी म्हणाले, "भावजी, तुमचा उकिरड्यावर हाय की." ते रिकामी पाटी घेऊन गेले. अजूनही मी खड्डा रस्त्याकडेलाच घेते, त्यांना जाता-येता दिसावा म्हणून.