काचेवरचे चार ठिपके
नात नखं रंगवायला बसली, की त्या वासानं मला कोठी बाजारातलं घड्याळजीचं दुकान आठवतं. वडील गेल्यावर त्यांचं जुनं घड्याळ विकावं, म्हणून आईला घेऊन मी तिथे गेले होते. म्हाताऱ्या घड्याळजीनं डोळ्याला भिंग लावलं, डायल उन्हात तिरपी धरली, अंकांच्या कडा निरखल्या आणि खूश होऊन म्हणाला, "असली है अम्मा, दोबारा रंगाया नहीं. ऐसा डायल अब मिलता नहीं." मग काचेवरचे लाल ठिपके पाहून तोंड वाकडं केलं. "कांच खराब हो गया, बदल देतूं." "नक्को!" आई एकदम म्हणाली. मोतीबिंदूमुळे वडिलांना अंक दिसेनासे झाले होते, पण ते कबूल करायचे नाहीत. घड्याळ मनगटावरून उतरायचं ते फक्त आंघोळीपुरतं. तेवढ्यात आई शेजारणीच्या नेलपॉलिशचा एकच ठिपका देऊन वाळवायची. बारा, तीन, सहा, नऊ, असे चार दिवस. वडिलांनी कधी काही विचारलं नाही, फक्त वेळ बरोबर सांगायला लागले. "विकायचीच तर डायल विकून टाक," आई मला म्हणाली, "काच मला दे." मी घड्याळ विकलं नाही. आता माझ्याही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, आणि मीही वेळ ठिपक्यांवरच बघते.