होडीवाल्याचा कान

उजनी धरणाचं पाणी तेव्हा नुकतंच फुगू लागलं होतं. सोलापूरहून गळ घेऊन येणाऱ्या चौघाचौघांना एक होडीवाला त्याच्या होडीतून मासे लागतील अशा जागी नेई. त्या दिवशी आम्ही चौघं गेलो, तेव्हा दिवस मावळेपर्यंत थांबायचं, हे मीच घासाघीस करून ठरवून घेतलं होतं.

बुडालेल्या बाभळींच्या शेंड्यांपाशी मासे भराभर लागत होते. तो मात्र घडीघडी बोट ओलं करून कानाच्या पाळीला लावायचा. अचानक त्यानं वल्ही उचलली.

"गळ वडा. वारा येतूया."

पाण्यावर साधा तरंगही नव्हता. मी भडकून उठलो आणि वल्हं धरलं, तशी होडी कलली आणि पाणी आत आलं. आमच्यात एकालाही पोहता येत नव्हतं.

"मालक, खाली बसा," तो हळू आवाजात म्हणाला. मी बसलो.

काठावर आलो. दिवस मावळला तरी झाडाचं पान हललं नाही.

मी गरजलो, "कुठंय तुझा वारा? फसवलंस की आम्हाला!"

होडीतलं पाणी डब्यानं उपसत तो म्हणाला, "आला असता तर इचारायला तुमी नसता की, मालक."

रागाच्या भरात मी त्याचं नावही विचारलं नाही.