बैलाची गाठ

त्या वर्षी कापसाने दगा दिला आणि रानातली माणसं लोहारा गावी माझ्या बांधकामावर मजुरीला आली. मी गोदाम बांधणारा ठेकेदार. छडी लागे छमछम, एवढंच मला सुरक्षेबद्दल ठाऊक होतं. हेल्मेट नाही, हाण थोबाडीत. पट्टा नाही, हाण. माणसं हेल्मेट घालायची, पण मी दिसलो की.

एका दुपारी परांचीची गाठ सुटली आणि वरचा गवंडी खालच्या सळ्यांवर पडला. सळई मांडीतून आरपार गेली. त्याला जीपमध्ये घालतोय तोच त्याचा धाकटा भाऊ फावडं घेऊन माझ्यावर धावला. माझा कान अर्धा फाटला, मी त्याचे दोन दात पाडले. तरी मला माझंच खरं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी सरकारी निरीक्षक आले. हा बाबा दंड ठोकणार म्हणून मी गज हातात धरूनच उभा होतो. ते थेट परांचीवर चढले आणि एका दोरीचं टोक ओढलं. गाठ सुटली, फळी लोंबली.

"ही कोणी बांधली? खरं सांगणाऱ्याला दंड नाही, मारही नाही," ते माझ्याकडे बघत म्हणाले.

धाकटा पुढे आला, तोंड सुजलेलं. "म्या बांधली साहेब. बैलाची गाठ आहे. बैल अडकला तं एका झटक्यात सोडता आला पायजे."

"सैल होतेय, हे कोणाला दिसलं नाही?"

"भावाले दिसलं होतं. आदल्या दिवशी बोलला तं ठेकेदारानं मारलं. म्हून मंग चूप राह्यला."

खरं होतं. 'फळी हालून राह्यली' म्हणाला होता, आणि कामचोर म्हणून मी त्याच्या मुस्काटात दिली होती. माझ्या हातातला गज मला जड झाला.

साहेबांनी दंड केला नाही. पंधरा दिवसांची मुदत दिली, मांडी घालून सगळ्यांना निरगाठ शिकवली आणि अट घातली: गाठी रोज मजूर तपासतील, त्यांनी थांब म्हटलं की काम थांबेल, आणि ठेकेदाराचे हात खिशात राहतील.

मुदत संपायच्या आत एकदा मीच वर चढलो. घाईत एक दोरी मीच आवळली होती. मीही शेतकऱ्याचाच पोरगा, हाताला लागलेली गाठ बैलाचीच.

"उतरा! गाठ सरकून राह्यली!" खालून धाकटा ओरडला.

शिवी तोंडात आली होती, ती गिळून उतरलो. पाय जमिनीला लागले आणि फळी कोसळली, त्याच सळ्यांवर.

तो समोर उभा होता, पुढचे दोन दात नसलेला. माझा जीव जायला त्याने नुसतं गप्प राहणं पुरेसं होतं.